आजोबांची मॅनलिकर रायफल: परवान्यावर '३७५', मग काडतूस नेमकं कोणतं?

सागवान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय थोडा वेगळा आहे, पण इथे शेती-जंगलाकडची जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीच्या अलीकडे. आजोबांकडे तीन हत्यारं होती. एक बारा बोरची दुनळी, एक .२२ आणि एक रायफल. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं. तेव्हा वडिलांनी .२२ विक्रेत्याकडे जमा केली. दुनळी राखणीला लागते आणि रायफल आजोबांची, म्हणून या दोन ठेवल्या. वडिलांनी सत्तरी ओलांडली आणि रायफल माझ्या नावावर करायचा अर्ज दिला. मागच्या महिन्यात परवाना हातात आला. त्यावर बोर (नळीच्या छिद्राचं माप) लिहिलाय '३७५', बस्स.

रायफल ऑस्ट्रियाची आहे, श्टायर कारखान्याची, मॅनलिकर-शोनाउर. बोल्टचा दांडा लोणी लावायच्या सुरीसारखा चपटा, खाली वाकलेला. चाप दोन. मागचा ओढला की टिक्‌ असा बारीक आवाज येतो, आणि मग पुढच्याला नुसतं बोट लागलं तरी खटका पडतो. हे सगळं रिकाम्या रायफलवर बघितलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घरात हिचा बार कुणी काढलेला नाही.

मी तीन विक्रेत्यांकडे गेलो. पहिल्याने .३७५ मॅग्नम दाखवलं. ते नळीत जाणारच नाही इतकं लांब होतं. दुसरा म्हणाला, असलं काही आता मिळत नाही, रायफल देऊन टाका. तिसरा म्हणाला, "मॅनलिकर ना? आपलं .३१५ म्हणजे मॅनलिकरचंच काडतूस, चालेल." तिथे मला शंका आली आणि मी काही न घेता परत आलो.

आता तुम्हीच सांगा, हिचं काडतूस कोणतं? आणि ते मिळायचं कुठे?

दुनळी

सागवान, परत आलात हे फार चांगलं केलंत. .३१५ मुळीच घालू नका.

तिसऱ्या विक्रेत्याचा घोळ कुठे झाला ते सांगतो. .३१५ हे खरोखरच मॅनलिकर घराण्यातलं काडतूस आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या लष्कराचं ८×५० मिलिमीटरचं, बुडाला कड असलेलं काडतूस होतं, त्याचंच हे देशी रूप. आपल्याकडे ते का आलं, तर .३०३ फौजेचं काडतूस, ते सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये असं इंग्रजांना वाटायचं. मग ज्यात फौजेची गोळी बसणार नाही असा बोर निवडला. आधी इंग्लंडची बीएसए कंपनी इंडियासाठी .३१५ बनवायची, पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्याने तोच बोर चालवला. .३०३ आजही निषिद्ध बोरात आहे आणि .३१५ गावोगाव आहे, त्यामागे हेच.

पण त्या ८ मिलिमीटरचा तुमच्या रायफलशी संबंध फक्त आडनावापुरता. मॅनलिकर-शोनाउरची मॉडेलं वर्षावरून ओळखतात. काडतुसाचा पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पितळी पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. १९०३ चं ६.५×५४, १९०५ चं ९×५६, १९०८ चं ८×५६ आणि १९१० चं ९.५×५७. तुमच्या परवान्यावर ३७५ आहे म्हणजे माझ्या मते तुमची १९१० ची. ९.५ मिलिमीटर म्हणजे इंचात .३७५ च्या आसपास. इंग्रज दुकानदार हेच काडतूस '.३७५ रिमलेस, सव्वादोन इंच' या नावाने विकायचे. ५७ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन इंच, हिशेब जुळतो.

आता अडचण बघा. '.३७५' एवढंच म्हटलं तर किमान चार वेगळी काडतुसं डोळ्यांसमोर येतात. १८९९ चं कडेवालं अडीच इंची. १९१२ चं, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीचं मॅग्नम. त्याच मॅग्नमचं दुनळीसाठीचं कडेवालं रूप. आणि तुमचं ९.५. गोळीची जाडी सगळ्यांची जवळपास तीच, पण पितळेची लांबी, आकार आणि दाब वेगळे. कारकुनाने ६०-७० वर्षांपूर्वी नळीवर काय दिसलं ते लिहिलं आणि तेच पुढे उतरत आलं. परवान्यावरचा आकडा हा फक्त गोळीच्या जाडीचा अंदाज आहे. काडतुसाचं नाव त्यात नाही.

माळरान

दुनळी काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. यातला सगळ्यात घातक प्रकार माझ्या मामांच्या घरी होता म्हणून मुद्दाम लिहितो.

चंद्रपूरकडे त्यांच्याकडे बाहेर घोडे असलेली जुनी इंग्लिश दुनळी रायफल होती, .५०० ची. काळ्या दारूच्या जमान्यातली, 'ब्लॅक पावडर एक्सप्रेस'. पुढे त्याच तीन इंची पुंगळीत कॉर्डाइट (नव्या जमान्याची, जास्त जोराची दारू) भरून .५०० नायट्रो एक्सप्रेस आलं. बाहेरून मापं तीच. म्हणजे नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या जुन्या रायफलीत अलगद बसतं, दुनळी मिटते, आणि बार काढला तर नळीला न पेलणारा दाब तयार होतो. .३७५ मॅग्नम तुमच्या नळीत गेलंच नाही, ते नशीब. इथे रायफल स्वतःहून अडवत नाही.

म्हणून आधी नळीच्या खालचे ठसे बघायचे. लाकडी पुढा काढून, टॉर्च मारून. बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसने (नळ्या तपासून ठसा मारणारी संस्था) जुन्या इंग्लिश रायफलींवर 'कॉर्डाइट', मग ग्रेन या वजनमापातला आकडा, 'मॅक्स' आणि गोळीचं वजन असं कोरलेलं असतं. हे नसेल आणि नायट्रोचा कुठलाच ठसा नसेल, तर ती रायफल काळ्या दारूची धरून चालायचं. मामांच्या रायफलीवर नव्हता. त्यांनी तिचा बार कधीच काढला नाही.

रानपाखरू

सागवान दादा, चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाचं, माप घेतलंय का? ठसे पुसट असतील तर तोच एक खरा उपाय. परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या.

आमच्याकडे असं केलं होतं. नळी स्वच्छ पुसली, चेंबरच्या थोडं पुढे कापसाचा घट्ट बोळा बसवला आणि मागून एक खास मिश्रधातू वितळवून ओतला. सेरोसेफ म्हणतात त्याला. उकळत्या पाण्याच्या आतच वितळतो, त्यामुळे नळीला काही होत नाही. गार झाल्यावर थोडा आकसतो आणि चेंबरचा हुबेहूब साचा मागून बाहेर येतो. साधारण तासाभराने तो परत मूळ मापावर येतो, तेव्हा व्हर्नियर लावून मोजायचं. पूर्वीचे कारागीर हेच गंधक ओतून करायचे.

साचा हातात घेतल्यावर खांदा कुठे आहे, मान किती लांब आहे, गोळी नळीत कुठे शिरते, सगळं बोटाला लागतं. आमच्या घरी '४२३' लिहिलेली जर्मन माउझर रायफल होती आणि गावात सगळे तिला .४०४ समजत होते. दोघांची गोळी जवळपास एकाच जाडीची. पण साच्याची लांबी ६८ मिलिमीटर भरली. .४०४ जेफ्रीची पुंगळी ७३ मिलिमीटरची असते. म्हणजे आमची १०.७५×६८. वीस वर्षं आम्ही चुकीचं काडतूस शोधत होतो.

सागवान

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुनळी काकांचा प्रतिसाद वाचला आणि आज सकाळी वडिलांना घेऊन बसलो.

टॉर्च आणि भिंग घेऊन बघितलं. बोल्ट मागे-पुढे सरकतो त्या भागाच्या पुढच्या कड्यावर अक्षरं आहेत. वर्षानुवर्षं तेल पुसून झिजली आहेत, पण '१९१०' स्पष्ट वाचता आलं. वडील म्हणाले, हे आपण कधी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीला एक छोटी झडप आहे. ती अडकली होती. मशीनचं तेल सोडून अर्धा तास थांबलो, मग उघडली. आत नळी साफ करायच्या गजाचे तुकडे आणि मागे कापडात गुंडाळलेली दोन काडतुसं. बुडावर कायनॉकचं नाव आणि ९.५. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, "आप्पांनी ठेवली असतील."

पितळ काळपट पडलंय, एकावर हिरवट जंगाल आहे. यांचं काय करू? एक वापरून बघावं का, असं मनात आलं होतं.

दुनळी

वापरू नका.

कायनॉकने या जुन्या शिकारी बोरांचं उत्पादन १९७० च्या सुमारास थांबवलं. म्हणजे तुमची काडतुसं पन्नास वर्षांहून जुनी नक्कीच, कदाचित ऐंशी-नव्वद वर्षांची. आत कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या काड्या असतात. त्या टिकतातही, पण टोपी (बुडातली, जिच्यामुळे दारू पेटते ती) दगा देते. कधी पेटतच नाही, कधी चाप ओढल्यावर क्षणभराने पेटते. माणूस 'फुसकं गेलं' समजून बोल्ट उघडतो आणि त्याच क्षणी बार होतो. कुठल्याही काडतुसाचं असं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं, हा नियम घरातल्या पोरांनाही माहीत पाहिजे.

आणि ब्रासो लावून चकचकीत करू नका. कुठे बारीक तडा आहे का ते बघा, विशेषतः मानेजवळ.

कोकणकडा

तड्यावरून सांगतो, हा विषय थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. मी धातुशास्त्राचा विद्यार्थी होतो, तेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला हे फार भिडलंय.

इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं इंडियात पावसाळ्यात ठेवणीतल्या ठेवणीत आपोआप तडकायची. 'सीझन क्रॅकिंग' हे नाव तिथूनच पडलं. काडतुसं तबेल्याजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, पावसाळी ओलीबरोबर पितळेवर बसायचा आणि घडवताना पितळात राहिलेल्या ताणाच्या जागी तडा जायचा. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. उपायही निघाला, पितळ घडवल्यावर हलकं तापवून ताण काढून टाकायचा.

आपल्याकडे गावात काडतुसांचा डबा बहुतेक वेळा माजघरात नाहीतर गोठ्याच्या भिंतीला लागून असतो. गोठ्याकडचा तेवढा नको.

आजोळ

मी थोडी कायद्याची बाजू लिहिते. वकिलीत शस्त्र परवान्यांची कामं केली आहेत.

पहिलं, ती दोन काडतुसं. बाळगलेल्या काडतुसांचा हिशेब परवान्याशी जुळला पाहिजे. पूर्वजांची सापडली म्हणून ती आपोआप तुमची होत नाहीत. उद्याच पोलीस ठाण्यात लेखी कळवा. कुठे, कधी, कुणासमोर सापडली ते लिहा आणि पोच घ्या. नोंद होईपर्यंत अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची तयारी दाखवा.

दुसरं, परवान्यावर बोर नेमका लिहून घ्या. '३७५' च्या जागी '९.५×५७ मिमी मॅनलिकर-शोनाउर' आणि हत्याराचा क्रमांक. परवाना प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करा. सोबत दुरुस्तीवाल्याच्या मापाचं पत्र, नळीवरच्या ठशाचे फोटो आणि यूआयएन (परवान्याचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक). हे न करता ९.५ चं काडतूस विकत घेतलंत तर पावतीवर एक आकडा आणि परवान्यावर दुसरा, असं होईल. निस्तरायला वर्ष जाईल.

तिसरं, तुमचं घर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाखाली वेगळी नोंद लागते. आजोबांच्या नावाने होती का ते बघा. राधानगरी म्हणजे जुनं दाजीपूर अभयारण्य, १९५८ चं. पुष्कळ घरांत ही नोंद राहून गेलेली असते.

चौथं, दुसऱ्या परवानाधारकाकडून काडतुसं घ्यायची असतील तर आधी लेखी सूचना आणि मग ४५ दिवस थांबणं आहे. फोनवर फोटो पाठवून, पाकिटात घालून देणं-घेणं हा गुन्हा आहे. घरी पुंगळ्या भरणं म्हणजेसुद्धा काडतूस बनवणं, त्याला वेगळा परवाना लागतो.

पश्चिमवारा

टेक्सासहून लिहितोय. माझी मुळं सांगलीची, इथे जुन्या रायफलींचा नाद लागला.

इथे परिस्थिती वेगळी आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात. सागवानची १९१० ची इथेही अँटिकमध्ये आली नसती. जुने बोर जिवंत ठेवण्यात दोघांचा हात आहे. पहिले, मोठे कारखाने पुन्हा त्या वाटेला आले. हॉर्नडी आणि नॉर्मा आज .४५०/४००, .४७०, .४०४, .४१६ रिग्बी नवं बनवतात. इंग्लंडमध्ये कायनॉकचं नाव घेऊन कायनॅमको कंपनी जुने बोर भरते. दुसरे, हाताने भरणारे. ऑस्ट्रेलियातली बर्ट्रम कंपनी विस्मृतीत गेलेल्या बोरांच्या पुंगळ्या विकते. इथे ते घरी भरणं कायदेशीर आहे. तुमच्याकडे नाही हे आजोळताईंनी सांगितलंच, त्यामुळे इथले व्हिडिओ बघून कुणी काही करू नका.

.४७० ची गंमत माहीत आहे का? तेही इंडियामुळेच जन्माला आलं. .४५० चा नायट्रो एक्सप्रेस रिग्बीने १८९८ मध्ये आणला आणि वाघ-गव्यासाठी तोच चालायचा. पण सरहद्दीवर मार्टिनी-हेन्रीच्या (इंग्रज फौजेची जुनी रायफल) .४५० च्या चोरट्या बंदुका फिरत होत्या. त्यांना गोळी मिळू नये म्हणून सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंडियात .४५० ची आयात बंद केली. मग लंडनच्या प्रत्येक बंदूकवाल्याने जरा वेगळा आकडा काढला. हॉलंडने .४६५, लँगने .४७०, जेफ्रीने .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. आज आपण ज्या 'दुर्मिळ बोरांच्या' मागे धावतो त्यातले कितीतरी एका आयातबंदीतून निघालेत.

दुनळी

पश्चिमवारा, सुरेख लिहिलंत. शिकारी जिम कॉर्बेटचंही सांगायला हवं. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्यावर त्यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली. .२७५ म्हणजे जर्मनांचं ७×५७ माउझरच, इंग्रजी नाव लावलेलं. म्हणून नाव बदलून शोधायला शिका. ज्याला '.२७५' मिळत नाही, त्याला ७×५७ मिळू शकतं.

सागवान, मिळायचं कुठे हा प्रश्न राहिलाच. आपल्या आयात धोरणात अधिकृत विक्रेत्यांना परवान्यावर मर्यादित आयात करता येते अशा बोरांची यादी आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. .३१८, ४००/३५०, .३६९ पर्डी, .४५०/४००, .४७०, .३०० शेरवूड, सगळा शिकारीचा काळ त्या दोन-चार ओळींत आहे. त्यात ९.५ मिलिमीटरही आहे. विक्रेत्याला तोंडी विचारू नका, यादीची प्रत आणि दुरुस्त परवाना पुढे ठेवून लेखी मागणी द्या. एका ग्राहकासाठी कुणी आयात करत नाही, म्हणून त्याच बोरचे आणखी परवानाधारक शोधून एकत्र मागणी करा. जुन्या दुकानांत मागच्या फळीवर कायनॉकचे लाल-पिवळे डबे अजून निघतात, पण ते आठवण म्हणून. बार काढण्यासाठी नव्हे.

रानपाखरू

निवडणुकीच्या वेळी काय करता? आमची एकदा ठाण्यात जमा होती, दोन महिने. परत आली तेव्हा नळीत तांबूस रांगोळी उठली होती. जमा करायच्या आधी नळीत जाड ग्रीस भरून 'आत ग्रीस आहे' अशी चिठ्ठी बांधा, आणि परत आल्यावर ते पूर्ण काढा.

सागवान

सव्वा महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

पोलीस ठाण्यात लेखी दिलं. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वडिलांचं वय बघून खुर्ची दिली. पंचनामा झाला. दोन्ही काडतुसं विक्रेत्याकडे जमा आहेत, पोच घरी आहे. आजोळताई, ३४ व्या कलमाखालची नोंद आजोबांच्या नावाने सापडली. वडिलांच्या नावावर ती चढलीच नव्हती. माझ्या नावाने नवा अर्ज दिलाय.

साचाही घेतला. दुरुस्तीवाल्याने लांबी मोजली, ५७ ला केसभर कमी. त्याने पत्र लिहून दिलं आणि परवान्याच्या दुरुस्तीचा अर्ज आता टेबलावर आहे. आपल्या जिल्ह्यात नाही, पण शेजारच्या जिल्ह्यात ९.५ चा आणखी एक परवाना आहे असं त्याच्याकडूनच कळलं. त्या गृहस्थांना पत्र पाठवलंय.

वडिलांनी एक गोष्ट आठवून सांगितली. आजोबा बार काढून आले की परसात चुलीवर आधण ठेवायचे आणि उकळतं पाणी नरसाळ्याने नळीत ओतायचे. आजी ओरडायची, लोखंडाला पाणी कशाला. आज कळलं का ते. त्या जुन्या टोप्यांतलं मीठ नळीत बसतं, ते तेलाने निघत नाही, पाण्यानेच विरघळतं. नळी तापलेली असल्यामुळे फडकं फिरवलं की लगेच सुकते आणि मग तेल. आणि खोबरेल तेल नाही लावायचे. थंडीत ते गोठून बोल्ट जड होतो, म्हणून शिलाई मशीनचं तेल कोल्हापूरहून आणायचे. रायफल कातडी खोळीत ठेवू द्यायचे नाहीत, खोळ ओल धरते म्हणून. माझ्या लहानपणापासून मात्र ती खोळीतच होती. परवा बाहेर काढली, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून उभी ठेवलीये.

काल वडिलांनी रिकाम्या रायफलीचा बोल्ट मागे घेतला आणि आतलं गोल मॅगझिन अंगठ्याने फिरवून दाखवलं. उजव्या बाजूला एक बारीक कळ आहे. ती दाबली की भरलेली काडतुसं एकेक करून तळहातावर उडी मारतात, म्हणाले. आजोबा ते करायचे तेव्हा हे त्यांच्या गुडघ्याशी उभे असायचे, सहा वर्षांचे. काडतुसं झेलायचं काम यांचं.

दुरुस्त परवाना आला की कळवतो. कुणाकडे ९.५ चा परवाना असेल तर एकत्र मागणीसाठी निरोप ठेवा.